पातळ खिडकीच्या शरयूताई

शरयूताई लाटकर गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. झेंडूचा हा एवढा जाडजूड हार घातलेला फोटो, पुढं उदबत्ती, आणि एकामागून एक माणसं माइकसमोर येऊन सांगत होती की मॅडम स्वभावानं फार गोड होत्या, कधी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला संताप आवरेना. अहो, कुणाबद्दल बोलताय तुम्ही? शरयूताई नाही म्हणाल्या नाहीत? त्या बाईनं उभ्या जन्मात 'नाही' सोडून दुसरं काही म्हटलं असेल, तर ते 'बिल्कुल नाही'! गोडबीड काही नव्हत्या. खवट होत्या, हट्टी होत्या, समोरच्याचं डोकं फिरवणाऱ्या होत्या, आणि दिल्लीत आल्यापासून मला त्यांच्याइतकं कुणी आवडलं नाही. माणूस गेला की त्याला लगेच असं धुऊन, इस्त्री करून का ठेवतात कोण जाणे. मला नाही ते जमणार. माझ्या शरयूताई होत्या तशा मी सांगते.

बाई दिल्लीच्याच. वडील केंद्र सरकारच्या नोकरीसाठी सांगलीहून आले आणि इथंच राहिले. लहानपण करोल बागेत, शाळा पहाडगंजची मराठी माध्यमाची. घरात मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत हिंदी भाडेकरू कायमचे घुसलेले. "अगं यार, तो पेचकस दे ना," असं म्हणायच्या. पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. रिक्षावाल्याशी भांडायला लागल्या की मात्र अस्सल करोल बाग. मीटर बिघडलाय असं सांगणारा रिक्षावाला शेवटी "माताजी, बैठिए, जो देना हो दे देना" म्हणायचा आणि ह्या त्यालाही ऐकवायच्या, "माताजी किसको बोला?"

त्यांचं काम होतं अणुकेंद्रकांच्या प्रयोगांसाठी डिटेक्टर बनवण्याचं. घाबरू नका, मी सोपं करून सांगते. आमच्याकडे एक मोठं यंत्र आहे. ते अणूंच्या केंद्रकांना प्रचंड वेग देतं आणि एका पातळ पत्र्यावर आपटवतं. त्या धारेला आम्ही बीम म्हणतो. आपटल्यावर जे तुकडे उडतात ते कुठून कुठं गेले, हे टिपायचं. शरयूताईंचा डिटेक्टर म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी एक चौकट. तिच्यात केसाहून बारीक तारा ताणून बसवलेल्या, आत थोडासा वायू, आणि पुढून-मागून पातळ प्लास्टिकचा पडदा. त्या पडद्याला आम्ही खिडकी म्हणतो. तुकडा एका खिडकीतून आत शिरतो, तारांना आपली चाहूल देतो आणि दुसरीतून निघून जातो.

गोम अशी, की ह्यातले काही तुकडे जड आणि संथ असतात. खिडकी जराशी जाड झाली की ते तिच्यातच अडकतात, संपतात. आणि शरयूताईंना नेमके तेच पाहायचे होते. चपळ तुकडे काय, कुणीही पाहतं. हे संथ बिचारे आमच्या कुठल्याच डिटेक्टरपर्यंत जिवंत पोचत नसत. "पाहुणा येऊन गेला हे आपल्याला कळलं पाहिजे," त्या म्हणायच्या, "पण म्हणून त्याला दारातच धरून ठेवायचं नाही." त्यासाठी त्या वर्षानुवर्षं डिटेक्टरमधून एकेक गोष्ट कमी करत आल्या होत्या. चौकट कोरली, स्क्रू घटवले, आणि खिडकी तर इतकी पातळ केली, की दिवाळीनंतरची दिल्लीची हवा दाखवून म्हणायच्या, "ह्या हवेत माझ्या खिडकीपेक्षा जास्त माल आहे."

माझ्या नवऱ्याची बदली दिल्लीला झाली, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं आणि मी ह्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सला लागले. पहिल्या दिवशी शरयूताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "नाव?"

"वैशाली."

"मराठी? अच्छा. बांगड्या काढ, तोंडाची पावडर धू आणि ती पर्स बाहेर ठेव. काय भरलंयस तिच्यात, संसार?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. पुढं मी त्यांच्यासाठी सर्किटचा पहिला बोर्ड बनवून नेला. त्यांनी तो तळहातावर तोलला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "छान आहे. अजून काय काढता येईल?" मी दोन जोडण्या काढल्या, बोर्ड लहान केला, परत नेला. "वा! अजून काय काढता येईल?" हा प्रश्न त्या सगळ्यांना सगळीकडे विचारायच्या. भाषणाचा मसुदा दाखवा, लग्नपत्रिका दाखवा, तेच. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या आणि दिवाणखान्यातल्या शोकेससमोर उभ्या राहिल्या. "हे सगळं तू पुसतेस?" म्हटलं, हो. "का?" पुढच्याच रविवारी अर्धं शोकेस कबाड्याला गेलं. त्यात नवऱ्याचा कॉलेजातला बॅडमिंटनचा कप होता. त्यावरून तो अजून मला ऐकवतो.

आमच्याकडे भांडारवाले प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची पट्टी डकवतात. खुर्ची, पंखा, कचऱ्याची बादली, काही सुटत नाही. ते शरयूताईंच्या डिटेक्टरवरही पट्टी लावायला आले. चौकटीवर जागा नव्हती, म्हणून भांडारबाबू म्हणाला की ह्या चकचकीत पडद्यावर लावतो, छान दिसेल. मी डोळेच मिटले. शरयूताईंनी त्याच्या हातातून पट्टी घेतली आणि आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावर चिकटवली. पुढं तपासणीला अधिकारी आले तेव्हा ह्या डिटेक्टरशेजारी ताठ उभ्या. "नंबर यहाँ है, मशीन वहाँ है. टिक कीजिए." त्या माणसानं मुकाट टिक केलं. त्यानंतर किती तरी दिवस त्या पंख्या-खुर्च्यांच्या क्रमांकांतला एक क्रमांक गळ्यात घालून हिंडत होत्या आणि त्याची त्यांना भारी गंमत वाटायची.

आता मुद्द्याचं सांगते. डिटेक्टर कितीही चांगला असला तरी समितीनं पास केल्याशिवाय त्याला बीम मिळत नाही. समिती बसायची होती त्या वर्षी शरयूताईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. पास झाला तर त्यांचे ते संथ तुकडे त्यांना एकदा तरी दिसणार. नाही झाला, तर त्या घरी आणि डिटेक्टर भांडारात, बादल्यांच्या शेजारी. त्यांच्यामागं हे वेड पुढं नेणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि नेमकं तेव्हाच डिटेक्टरमध्ये डाग निघाला.

खरा डाग नव्हे. चाचणीसाठी आम्ही कणांचा एक छोटासा स्रोत डिटेक्टरसमोर ठेवतो आणि कण कुठकुठून पार झाले त्याचं चित्र संगणकावर काढतो. ते चित्र सगळीकडे सारखं यायला हवं. आमच्यात मधोमध एक लांबुळकी काळपट जागा दिसायला लागली. तिथं कण अडखळत होते. महिन्यापूर्वी ती नव्हती. शरयूताईंनी तारा तपासल्या, वायू बदलला, माझे सगळे बोर्ड बदलायला लावले. डाग हलेना. खिडकीकडे डोळ्यांनी पाहिलं तर स्वच्छ, चकचकीत. त्यांचं जेवण सुटलं. माझ्यावर तर इतक्या खेकसायच्या, की एकदा मीच ओरडले, "ताई, मी नाही टाकलेला तो डाग!"

समितीची बैठक आली. अध्यक्ष बाहेरून आलेले एक वयस्क गृहस्थ होते, शेजारी आमचे संचालक. डागाचं ते चित्र सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मैडम, बीच का हिस्सा तो डेड है. इसको बीम कैसे दें?"

शरयूताई पडद्याकडे पाहत होत्या. आजवर त्यांनी ते चित्र संगणकाच्या वीतभर चौकटीत पाहिलं होतं, आज ते भिंतीएवढं समोर होतं. खाली गोलसर, वर निमुळतं, ओढल्यासारखं. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि स्वतःचा अंगठा त्या डागावर ठेवून खालून वर ओढला. मग वळल्या.

"सर," त्यांनी संचालकांना विचारलं, "विश्वकर्मा पूजा के दिन आप मेरी लॅब में गए थे?"

विश्वकर्मा पूजा म्हणजे आमच्या वर्कशॉपचा मोठा सण. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवतात, लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना कुंकवाचा टिळा आणि अक्षता लावतात, बुंदीचे लाडू वाटतात. शरयूताई दरवर्षी त्या दिवशी आपल्या लॅबला कुलूप घालून बाहेर कागद लावायच्या, 'भगवान यहाँ होकर जा चुके हैं.' त्या वर्षी त्यांची दाढ ठणकत होती म्हणून त्या दवाखान्यात गेल्या होत्या.

संचालक खुशीत म्हणाले, "हाँ हाँ, गया था! आप नहीं थीं, तो चाबी मँगवाई. कोई मशीन नहीं छोड़ी मैंने."

"और इसको भी लगाया?"

"सबसे पहले! बीचोबीच."

मागून हरपालजी उभे राहिले. हे आमच्या वर्कशॉपचे प्रमुख, शरयूताईंच्या सगळ्या चौकटी त्यांनीच कोरलेल्या. मान खाली घालून म्हणाले, "मैडम, मैंने देख लिया था. गीली रुई से पोंछ दिया. सोचा, आपको पता चलेगा तो आप… मतलब, त्योहार का दिन था."

शरयूताई आता कुणाकुणाला फाडून खातात ह्या धास्तीनं मी त्यांच्याजवळ जायला उठले. पण त्या हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, पोंछा हुआ टीका दिख गया इसको! पोंछा हुआ!" पुसून टाकलेल्या कुंकवाचा डोळ्यांना न दिसणारा थरही त्यांच्या खिडकीवर ओझं झाला होता आणि डिटेक्टरनं तो बिनचूक दाखवला होता. ह्याहून मोठं प्रमाणपत्र कुठली समिती देणार होती? त्यांनी तिथंच सांगितलं की खिडकीचा पडदा बदलते, पुन्हा चाचणी करते. दुसऱ्या दिवशी नवं चित्र समितीसमोर होतं, स्वच्छ. अध्यक्षांनी टाळी वाजवली. मी मनात पेढे वाटले.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "मान गए मैडम. पर इतनी नाज़ुक चीज़? कल कोई और उँगली लगा देगा. आप फॉइल थोड़ा मोटा कर दीजिए, बस. हम अभी साइन करते हैं." त्यांनी जाडीही सांगितली. संचालक म्हणाले, बहुत बढ़िया सुझाव. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"नहीं," शरयूताई म्हणाल्या.

"मैडम, ज़रा-सा समझौता."

"मोटा कर दूँ तो दिखेगा क्या?"

"कुछ तो दिखेगा."

"कुछ तो अभी भी दिखता है, सर. उसके लिए मैंने उम्र नहीं लगाई."

कागदावर सही झाली नाही. खाली अट लिहिली गेली : खिडकी जाड केल्यास मंजूर. मी बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि खरं सांगते, तोंड सोडलं. "ताई, सही मिळत होती हो! आधी डिटेक्टर आत तर जाऊ द्या, मग करू पातळ!"

"मग म्हणजे कधी? मी गेल्यावर? कोण करणार?"

"मी करीन."

"नाही करणार तू," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "तू वाईट आहेस म्हणून नाही गं. जाड चालतंय म्हटल्यावर कुणीच पातळ करायच्या भानगडीत पडत नाही. ते संथ तुकडे आपले तसेच बाहेर मरत राहतील आणि इथं कुणाला कळणारही नाही की ते आले होते." त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि कठड्यावर दोन्ही हात टेकले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली. तरी घरी जाताना मेट्रोत मी त्यांच्यावर चिडलेलीच होते, हेही खरं.

निवृत्तीचा समारंभ झाला. समोसे, पुष्पगुच्छ, शाल. संचालक मनापासून बोलले, तसा माणूस वाईट नव्हता. भाषणाच्या शेवटी उत्साहात म्हणाले, "मैडम, संस्था आपकी ऋणी है. बताइए, हम आपके लिए क्या कर सकते हैं?" असं विचारायची पद्धत असते. उत्तर द्यायची नसते.

शरयूताईंनी माइक घेतला. "एक शिफ्ट."

"जी?"

"बीम की. दिन की एक शिफ्ट. मेरी खिड़की के साथ, जैसी है वैसी. शॉल आप रख लीजिए, गर्मी आ रही है."

मग मागून एक टाळी वाजली. हरपालजी होते. मग मी वाजवली, मग सगळं वर्कशॉप, मग अख्खं सभागृह. संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच थिजलं. एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणणार? "हाँ, हाँ… क्यों नहीं," ते म्हणाले. शरयूताईंनी तिथल्या तिथं विचारलं, "कब?"

शिफ्ट मिळाली तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. फाटकावर त्यांना पाहुण्यांचं कार्ड गळ्यात घालावं लागलं. ज्या इमारतीत आयुष्य गेलं तिथं त्यांना पाहुणी म्हणून शिरताना पाहून मला कसंसंच झालं. ह्यांना काही नाही. "चलो," म्हणाल्या, "वेळ जातोय."

डिटेक्टर आत बसवला. बीम चालू असताना त्या दालनात कुणी थांबत नाही, सगळं बाहेरच्या नियंत्रण कक्षातून, बटणांवर. संगणकाच्या पडद्यावर ठिपके उमटायला लागले. एक ठिपका म्हणजे एक तुकडा. वरच्या बाजूला चपळ तुकड्यांची गर्दी, ती नेहमीचीच. डावीकडचा खालचा कोपरा जड, संथ तुकड्यांचा; तो रिकामा. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे पाहत होतो. बराच वेळ काही नाही. मग एक ठिपका आला. मग अजून एक, जरा बाजूला. मग हळूहळू तिथं ठिपक्यांचा एक घोसच जमायला लागला.

"आले," शरयूताई म्हणाल्या. "बघ वैशाली, आले गं." आणि माझा हात इतका घट्ट दाबला, की दुखला. मी रडत होते. हरपालजी दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

बातमी पोचली आणि संचालक आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मनापासून म्हणाले, "कमाल है मैडम. बधाई." आणि निघाले.

"बैठिए सर," शरयूताई म्हणाल्या. "अभी आधी शिफ्ट बाक़ी है." मग मला म्हणाल्या, "समितीची लाव."

मला सकाळी कळलं होतं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. डिटेक्टरच्या पुढं त्यांनी एक सरकती पट्टी बसवून घेतली होती आणि तिच्यावर समितीनं सांगितलेल्या जाडीचा पडदा ताणला होता. बटण दाबलं की तो सरकून खिडकीच्या पुढं यायचा. मी बटण दाबलं.

वरची गर्दी होती तशीच राहिली. खालच्या कोपऱ्यात मात्र नवा ठिपका येईना. शरयूताईंनी आधीचं चित्र साठवून ठेवायला लावलं आणि कोरं चित्र सुरू केलं. वर ठिपकेच ठिपके, कोपरा कोरा. आम्ही बसून राहिलो. संचालकांनी एकदा घड्याळ पाहिलं. शरयूताई खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड.

"बीम कम तो नहीं हुआ?" संचालकांनी विचारलं.

"बीम वही है, सर," मी म्हटलं.

कोपरा कोरा. बाहेर कुणी तरी चहाचा ट्रे घेऊन आलं आणि आतलं वातावरण पाहून तसंच परत गेलं.

"ठीक है मैडम," संचालक शेवटी म्हणाले. "समझ गया. हटवा दीजिए."

मी बटणाकडे हात नेला. शरयूताईंनी माझं मनगट धरलं. "तू नको." मग संचालकांकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, "आपने लगवाया है, सर."

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता निघून जाणार. पण ते पुढं आले, वाकले आणि त्यांनी बटण दाबलं. पडदा बाजूला सरकला. थोड्या वेळानं कोपऱ्यात एक ठिपका उमटला. मग दुसरा. संचालक पाहत राहिले, बराच वेळ पाहत राहिले, आणि मग आपल्या स्वीय सहायकाला म्हणाले, "समिति वाला काग़ज़ लाइए. वो शर्त काटनी है."

कागद आला. संचालकांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं.

"मेरे पास है," शरयूताई म्हणाल्या आणि पेन पुढं केलं. खुर्चीतून मात्र उठल्या नाहीत. ते घ्यायला साहेबांनाच त्यांच्यापर्यंत चालत यावं लागलं.